चौदा डाव्या बाह्या

फोन आला तेव्हा मी पाणीगेटला एका दुकानात पडद्याचं कापड घेत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. दुकानदाराने कापडावर मीटरपट्टी टेकवली होती आणि मी त्याला सांगत होते, "भाई, सव्वाचार मीटर, आणि सरळ कापा." फोनवर डायलिसिसच्या वॉर्डातल्या नर्सबाई होत्या. "नीलिमाबेनच्या ताई ना? तुम्ही लगेच या." मी विचारलं, "मशीनवरच आहे का अजून?" त्या म्हणाल्या, "नाही... तुम्ही या." मला कळायचं ते कळलं. तरीही मी कापड कापून होईपर्यंत थांबले, घडी नीट घालून घेतली, पिशवीत ठेवली आणि मग रिक्षा केली. हे मुद्दाम लिहिते आहे. गेल्या सात आठवड्यांत भेटायला येणारा प्रत्येक माणूस मला "तुम्ही किती खंबीर" असं सांगून गेला. खंबीर वगैरे काही नाही. हातात घेतलेलं काम अर्धं सोडायचं नाही, एवढीच मला सवय आहे. त्याच सवयीने मी माझ्या बहिणीचं काय करून ठेवलं, ते आता सांगते.

नीलू माझ्याहून तेरा वर्षांनी धाकटी. आमचे पणजोबा इथे गुजरातेत संस्थानच्या दफ्तरात होते. त्या जुन्या मोठेपणातलं आमच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, नीटनेटकेपणाचं वेड. आईचा नियम होता : नवा कपडा अंगावर चढवण्याआधी उलटा करून तपासायचा, लोंबता दोरा कापायचा, शिंप्याने कुठे कच्चे टाके तसेच ठेवले असतील तर मशीनवर पक्की टीप घालायची आणि मग कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावायचं. त्यानंतरच तो घालायचा. मी हा नियम पन्नाशी उलटली तरी पाळते. नीलू लहानपणीही चिडायची. "आई, शिंप्याला येतं गं त्याचं काम!" पुढे ती स्वतःच त्या कामात गेली. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात बेतणी करायची. कापड पाहून किती बाह्या निघतील ते न मोजता सांगायची. छत्तिसाव्या वर्षी तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. माझं देता आलं असतं, पण मला मधुमेह. पहिल्याच तपासणीत मी बाद झाले. दुसरं कुणी नव्हतं. नाव प्रतीक्षायादीत लागलं आणि ती आमच्या वासण्याच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार. मी तिला दारात सोडायची, ऑफिसला जायची, जेवणाच्या सुट्टीत येऊन परत आणायची. आत कधी बसले नाही. एकदा ती म्हणाली, "ताई, आज बस ना चार तास." मी म्हटलं, "बसून काय करू?" ती म्हणाली, "काही नाही. बसशील." मी म्हटलं, रजा अशा घालवल्या तर खरी गरज पडेल तेव्हा काय करायचं? हे मी अगदी समजूतदारपणे बोलले होते. आता ते वाक्य आठवलं की जीभ उपटून टाकावीशी वाटते.

आत काय चालतं ते मला तिच्या बोलण्यातून कळायचं. डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडतात. ती जागा दोरखंडासारखी फुगते. त्या हाताला घट्ट काही चालत नाही, बाही वर सरकवूनही ठेवता येत नाही. खोली मात्र बर्फासारखी गार. त्यामुळे एका हातावर पांघरूण आणि दुसरा उघडा, असे सगळे कुडकुडत पडलेले. बाहेर पडले की भर उन्हाळ्यातही हात झाकायचे, लोक बघतात म्हणून. नीलूने या सगळ्यांसाठी कपडे बेतायला घेतले. जाड जॅकेटं, टोपीचे सदरे, खाली ढगळ पँटी, आणि वरच्या प्रत्येक कपड्याची डावी बाही वेगळ्याच भडक रंगाची. ब्रँडचं नाव ठेवलं 'डाबो', म्हणजे गुजरातीत डावा.

"याला स्ट्रीटवेअर म्हणतात, ताई."

"म्हणजे रस्त्यावर घालायचे कपडे? आजवर आपण काय गच्चीवर घालत होतो?"

"तू येऊच नकोस शोला. पहिल्या रांगेत बसून इस्त्रीच्या चुका काढशील."

"काढीन. कुणीतरी काढायला हव्यात."

शो म्हणजे तिचे हे चौदा कपडे घालून चौदा जण चालणार. मॉडेल कुणीच नाही, सगळे तिच्या वॉर्डातले रुग्ण. लहरीपुऱ्याजवळ एका कापडवाल्याने आपलं रिकामं गोदाम एका संध्याकाळपुरतं दिलं होतं. मी म्हटलं, दिवाळीनंतर कर, जरा ताकद येऊ दे. ती म्हणाली, "ताई, आमच्या वॉर्डात 'नंतर' म्हणत नाहीत." शनिवार ठरला, संध्याकाळी पाच. सकाळी लवकरची पाळी घेऊन डायलिसिस उरकायचं आणि मग गोदामावर जायचं, असं तिने आखलं होतं. "या बाहीची गंमत तुला एकदा दाखवते," असं दोन-तीनदा म्हणालीही. मी म्हणत राहिले, रविवारी बघू.

गुरुवारी तिला सोडताना ती म्हणाली, "चौदाही कपडे खोलीत आहेत. फक्त इस्त्री फिरव." मी अर्धी रजा टाकली. पहिलंच जॅकेट उलटं केलं तर डावी बाही नुसती टाचलेली. खांद्यापासून मनगटापर्यंत पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके, आत टीप नाहीच. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. मला वाटलं, बिचारीच्या अंगात टिपा मारायचीही ताकद उरली नाही, आणि हे तिने मला सांगितलंही नाही. मी आईचं मशीन उघडलं. मोटर लावलेलं, अजून चांगलं पळतं. बसले. एकेका बाहीला दुहेरी टीप घातली, पांढरे दोरे ओढून काढले, इस्त्री केली, कोपऱ्याला कुंकू लावलं. अकरा बाह्या झाल्या तेव्हा तिला आणायची वेळ झाली. तब्बल चार तास. ती तिकडे मशीनला जोडलेली आणि मी इकडे मशीनवर. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

ती खोलीत आली, वरचं जॅकेट उचललं आणि बाहीवरून बोट फिरवलं. मग दुसरं. मग तिसरं. मी म्हणत होते, "बघ, एकही दोरा लोंबत नाही." ती पलंगावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ताई... ती उघडायची होती."

मग तिने न टिपलेल्या तीनपैकी एक घेतलं, मनगटाशी गाठ मारलेलं दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. खांद्याशी गाठच नव्हती. दोरा सर्रकन निघाला आणि बाही शेंगेसारखी उकलली. "नर्सबाई एका हाताने ओढतात. चार तास हात मोकळा, बाकी अंग ऊबदार. निघताना पुन्हा टाचायचं." एवढंच बोलली. दोन वर्षं ती असले सदरे घालून माझ्या शेजारी गाडीत बसत होती. मी आत बसले असते तर एका दिवसात पाहिलं असतं.

त्या संध्याकाळपासून आम्ही उसवायला बसलो. माझी टीप बारीक आणि पक्की, त्याचा मला अभिमान होता. जाड कापडातून ती काढताना सुया मोडल्या, दोन ठिकाणी कापड फाटलं. मी शुक्रवारची रजा टाकली. टाचायचं काम मात्र तिलाच करावं लागे. टाका जरा आखूड झाला तर दोरा मध्येच अडकतो. माझे टाके ती बघायची आणि काढायला लावायची. "ताई, तू माणसाला बांधून ठेवायला शिवतेस. हे सोडायला शिवायचं आहे." शनिवारी सकाळी सहाला चार बाह्या शिल्लक होत्या. मी म्हटलं, "चार जण कमी चालतील. चल, डायलिसिस चुकेल." ती म्हणाली, "कुणाला सांगू, की तू येऊ नकोस? मनसुखकाकांना? महिनाभर आरशासमोर चालतायत ते." मी म्हटलं, "नीलू, पाया पडते तुझ्या." मी हे आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. ती सुईत दोरा ओवत राहिली. "सोमवारी करीन. पूर्वी एकदा चुकलंय, काही झालं नाही." मला तिला उचलून गाडीत घालता आलं असतं, तिचं वजनच किती होतं! पण त्या चारही बाह्या मी टिपल्या होत्या. कुठल्या तोंडाने तिला ओढून नेणार? मी कापड धरून ठेवलं.

गोदामात कॉलेजची मुलं बरीच होती, ढोलासारखा काहीतरी आवाज चालू होता. मी पहिल्या रांगेत. मी पाहत होते फक्त नीलूचे पाय. पडद्याच्या कडेला उभी होती ती, चपलांचे पट्टे सुजेत रुतलेले. पहिले आले ते मनसुखकाका, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, वय अडुसष्ट, जांभळ्या टोपीच्या सदऱ्यात. आत जाताना मला म्हणाले होते, "बेन, हुं हीरो लागुं छुं के नहीं?" मी म्हटलं होतं, "लागता. पण हळू चाला." टोकाशी येऊन त्यांनी दोरा ओढला. केशरी बाही उकलली आणि तो गाठी-गाठींचा हात त्यांनी वर धरला. मग टाळ्या. मग कॉलेजातली रिद्धी, मग एक बँकेतल्या बाई... एकेक हात उघडा होत गेला. जे हात मी कधी पाहिले नव्हते.

शेवटी नीलू. काळं जॅकेट, पिवळी बाही. टोकाला आली, दोरा ओढला. दोरा निघाला, पण बाही खांद्याशी अडकून राहिली. माझी टीप. शेवटच्या घाईत तिथली चार बोटं उसवायची राहून गेली होती. तिने पुन्हा ओढली. आणि ती हसली. मोठ्याने म्हणाली, "आ मारी बेननुं काम छे. पाकुं छे!" सगळे हसले. मग मराठीत, फक्त माझ्याकडे बघत, "ताई, कात्री आण."

कात्री माझ्या पर्समध्ये नेहमी असते. मी त्या रॅम्पवर चढले, ऑफिसच्या साडीत, आणि सगळ्यांसमोर माझी टीप एकेक टाका करून कापली. बाही उघडली. तिचा हात सावरायला मी त्या फुगलेल्या शिरेवर तळवा ठेवला तर आत थरथर होत होती, बारीक, सतत, मोटर चालू असल्यासारखी. मी हात मागे घेतला. ती म्हणाली, "घाबरू नको. ही थरथर आहे तोवर मी आहे."

रविवारी सकाळी तिला धाप लागली. रुग्णालय, ऑक्सिजन, तातडीचं डायलिसिस. पाच दिवसांनी घरी आली. नंतर नऊ आठवडे जगली, पण पूर्वीसारखी नाहीच. हृदयावर ताण आला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमकुवत होतं, त्या एका चुकलेल्या डायलिसिसचा संबंध जोडू नका. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी उत्तर देण्याआधी चष्मा पुसला. त्या चष्मा पुसण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

त्या नऊ आठवड्यांत मी प्रत्येक वेळी आत बसले. काही केलं नाही. बसले. तिचा दोरा मी ओढायची, संपलं की मी टाचायची. माझे टाके तिला पसंत पडू लागले होते. फक्त त्या एका दिवशी तीच म्हणाली, "आज जा तू. माझ्या खोलीत दुपारचं ऊन येतं, पडद्याचं कापड बघून ये. चार तास आहेत ना." मी दोरा ओढून दिला आणि गेले... पोचले तेव्हा नळ्या काढलेल्या होत्या, बाही उघडीच होती. मी तिच्या हातावर तळवा ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला. नर्सबाईंना वाटलं मी रडते आहे. मी थरथर शोधत होते. मग मी सुई मागून घेतली आणि बाही टाचली. उघड्या शिवणीने तिला बाहेर कसं पाठवणार?

परवा ते कापड काढलं. खोली रिकामी असली तरी ऊन येतंच. मशीनवर बसले, कड दुमडली, पायाखालचं पेडल दाबलं. मोटर सुरू झाली आणि लाकडावर टेकवलेल्या तळव्याला तीच थरथर लागली. मी एकही टाका न घालता बसून राहिले, मोटर तापल्याचा वास येईपर्यंत. मग बंद केली. पडदा हातानेच टाचला, पांढऱ्या दोऱ्याने, तिने शिकवले तसे लांब टाके, गाठ एकाच टोकाला. तो लावला आहे. खालच्या कोपऱ्यात दोऱ्याचं टोक लोंबतं. येणारी प्रत्येक बाई मला ते दाखवते. कात्री पर्समध्येच आहे.