सहाशे चाळीस शर्टांवरची नावं

माझ्या नणंदेबद्दल लोक हल्ली काहीही सांगतात. कोणी म्हणतं, तिनं एकटीनं पोलिसांची फळी मागे हटवली. कोणी म्हणतं, ती चौकात कातर उगारून उभी होती. कातर-बितर काही नव्हती. कातर कारखान्याची, घरी आणायची सोयच नव्हती. मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते, खालची फरशी तापली होती आणि मला लघवीला जायचं होतं, त्यामुळे त्या सकाळचा क्षण न् क्षण माझ्या लक्षात आहे. तेव्हा काय घडलं ते एकदाचं लिहून टाकते.

तिला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. शिवणकामात कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत आहे, आणि पोलिसांचे गणवेश शिवणाऱ्या सरकारी कारखान्यात कापणीच्या टेबलाशी उभी राहिलेली ती पहिलीच बाई. एकोणतीस वर्षं उभी राहिली. मीही तिला मास्तरच म्हणते. ती सातवी शिकलेली, मी पदवीधर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. पण घरात पडदे शिवायचे असोत की तिच्या दादाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चार शब्द सुनवायचे असोत, काम तिच्याकडे. लग्न केलं नाही, राहायला आमच्याच मागच्या खोलीत.

तिची एक खोड आहे. माणूस भेटला की तोंडाआधी खांदे बघते. एकदा दवाखान्यात स्वतःचा ताप सांगायचा सोडून डॉक्टरांनाच म्हणाली, “तुमचा डावा खांदा उतरलाय. बॅग दुसऱ्या हातात घेत जा.” डॉक्टर घेऊ लागले, हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी सरकारनं निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलली आणि लोक नगरभवनासमोरच्या चौकात येऊन बसायला लागले. सकाळी दहाला यायचं, पाचला उठून घरी जायचं. घोषणा थोड्या, बसणं फार. पहिले दहा दिवस मी गेले नाही. विचारणाऱ्यांना गुडघ्याचं कारण सांगायचे. खरं म्हणजे मला वाटत होतं, नुसतं बसून काय होतंय?

अकराव्या दिवशी, बुधवारी, मास्तर भरदुपारी घरी आली. एवढ्या वर्षांत ती दुपारी घरी आलेली मी पाहिली नव्हती.

“काय गं? बरं वाटत नाहीये का?”

“मला काय धाड भरलीय? काढून टाकलं मला. म्हणजे चौकशी होईपर्यंत येऊ नका म्हणालेत.”

सकाळी पोलीस भांडारातून सहाशे चाळीस शर्ट गठ्ठे बांधून परत आले होते. सोबत एक कागद. खिशावरच्या नावाच्या पट्ट्या उसवून सर्व शर्ट गुरुवार संध्याकाळपर्यंत पोचते करावेत. खाली कारण: ‘धुलाईच्या सोयीसाठी.’

मास्तरनं भांडाराच्या साहेबांना विचारलं, “शुक्रवारी चौक रिकामा करणार ना, साहेब?”

“तुला काय करायचंय? उसव म्हटलं की उसवायचं.”

“छातीवर नाव असलं की माणूस काठी उगारताना दहादा विचार करतो. ती नावं मी माझ्या हातानं काढायची?”

“अगं बाई, धाग्याचं काम आहे! तू काय भाषण करतेस?”

तिनं ब्लेड टेबलावर ठेवलं आणि सरळ गठ्ठ्यांवर जाऊन बसली. तिचं बघून शिवणाऱ्या अकराही जणी उठल्या आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसल्या. साहेब चिडून म्हणाले, शर्ट चुरगळतील. मास्तर म्हणाली, बसायला खुर्च्या द्या, मग नाही चुरगळणार. तासाभरात पहारेकऱ्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि गठ्ठे उसवायला दुसरीकडे गेले.

“आठ महिने राहिले होते निवृत्तीला,” हे म्हणाले. “डोकं आहे की खोकं?”

“दादा, तू गप्प बस. वहिनी, तू ऐक. शुक्रवारी मी चौकात जाणार. पट्ट्या काढल्या म्हणून काय झालं? शर्ट माझ्या हातचा आहे. एकेकाला मापावरून ओळखीन आणि नावानं हाक मारीन. नाव कानावर पडलं की हात थांबतो.”

“आणि नाही थांबला तर?”

“तर कोणी मारलं ते तरी सांगता येईल.”

शुक्रवारी मी बूट घातले. एकटीला कशी सोडू, असं ह्यांना सांगितलं. खरं तर मला संताप आला होता तो ‘धुलाईच्या सोयीसाठी’ या दोन शब्दांचा. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. थाप मारायचीच तर निदान थोडे कष्ट घेऊन मारावी.

मास्तरला दिसायला हवं म्हणून आम्ही पहिल्याच रांगेत बसलो. साडेदहाला पोलीस आले. ऐंशीएक असतील, हातात काठ्या, एकाच्याही छातीवर नाव नाही. पट्टी होती तिथलं कापड तेवढं गडद दिसत होतं. मास्तर मान पुढे काढून एकेकाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

“वहिनी, काहीतरी घोळ आहे.”

“कसला?”

“शर्ट माझेच आहेत. पण बसलेत कसे बघ ना!”

तोवर मी फक्त काठ्या बघत होते. आता शर्ट पाहिले. एकाच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. एका जाड्या गृहस्थाची बटणं आता सुटतील की मग, अशी. एकाचं कॉलरचं बटणच लागेना. पण ठरवलं ते करणार नाही तर ती मास्तर कसली? ती उठून उभी राहिली आणि डावीकडून पाचव्याकडे बोट केलं.

“ए, पाचवा! डावी बाही पाऊण इंच आखूड. लहानपणी हात मोडला होता तुझा, म्हणून मीच तशी कापली होती.” आणि तिनं त्याला नावानं हाक मारली. ते नाव मी इथे लिहिणार नाही, का ते पुढे कळेल. “आई बरी आहे का रे?”

तो समोर बघत राहिला. तिनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. शेवटी तो ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटला, “मावशी, तो मी नव्हे.”

“मला शिकवतोस? बाही माझी आहे!”

“बाही तुमची असेल, पण शर्ट माझा नाही ना!” आता त्याचाही आवाज चढला. “धुऊन आले ते एकाच ढिगात. कुणावर नाव नाही. हाताला आला तो घातला. तुम्ही हाक मारताय तो तिकडे, शेवटून तिसरा.”

शेवटून तिसरा भडकला. “माझं नाव कशाला घेतोस रे? आधी माझा शर्ट दे!”

“तुझाच आहे कशावरून?”

“बाही आखूड पडली तुला की नाही? मग माझाच!”

माझ्या मागे कोणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी कोणी. हां हां म्हणता सगळा चौक हसायला लागला, आणि मी पोलिसांचे हात बघू लागले. वर्गात ज्याला सगळे हसतात तो मुलगा पहिला हात उगारतो, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. मास्तरलाही ते कळलं असावं. ती गर्रकन आमच्याकडे वळली.

“दात काय काढताय? त्यांनी का उसवल्यात पट्ट्या? चूक कुणाची आणि हसता कुणाला?”

हसणं थांबलं. मास्तर रिकामे हात पुढे धरून रांगेपाशी गेली. जाड्यासमोर थांबली. “काखेत काचतंय ना? हात वर केलास तर टर्रकन फाटेल. बेचाळीसचा आहेस तू, हा अडतीसचा आहे. बेचाळीसचा कुणाकडे गेलाय?”

“माझ्या अंगावर असेल, मावशी,” लोंबत्या बाह्यांचा म्हणाला.

“तू कोण?”

त्यानं नाव सांगितलं. शेजाऱ्यानं न विचारता सांगितलं. तिसऱ्यानं नाव सांगून वर मापही सांगितलं. मास्तर एकालाही ओळखू शकली नव्हती. तिचा सगळा बेत फसला होता, आणि ते आपणहोऊन आपापली नावं सांगत होते.

मागून त्यांचे साहेब कर्ण्यातून ओरडले, “रांगेत बोलायचं नाही! तीन पावलं पुढे!”

रांग तीन पावलं पुढे आली. मास्तर जिथे होती तिथेच खाली बसली. लोंबत्या बाह्यांच्या पोलिसाचे बूट माझ्या गुडघ्यांना टेकले. साहेबांनी चौक मोकळा करायचा हुकूम दिला. मी डोळे मिटले. धीट वगैरे मी मुळीच नव्हते, पण उठायचं नाही एवढं मनाशी पक्कं होतं. काही झालं नाही. डोळे उघडले. हुकूम दुसऱ्यांदा झाला. काठी माझ्या डोक्यावर होती, ती वर जाईना की खाली येईना.

तेव्हा रांगेतून एक आवाज आला, “साहेब, त्या बाई मला ओळखतात.”

एवढंच. दीड वाजेपर्यंत ते तसेच उभे होते आणि आम्ही तशाच बसलो होतो. मग त्यांना परत नेलं.

इथे गोष्ट संपवली तर ऐकायला छान वाटेल, पण ते खरं नाही. मंगळवारी दुसरी तुकडी आणली, बाहेरगावची. त्यांच्याही छातीवर नावं नव्हती, आणि त्यांचे शर्ट अंगासरशी बसले होते. त्यांनी मारलं. माझं मनगट मोडलं, मास्तरच्या डोक्याला सात टाके पडले. “काय वाकडे घातलेत,” आरशात बघून ती म्हणाली. बुधवारी चौकात दुप्पट माणसं आली. त्यांत हे होते, घडीची खुर्ची घेऊन. तीन आठवड्यांनी सरकारनं निवडणुकीची तारीख जाहीर केली.

त्यानंतर मास्तरची चौकशी झाली. सोबत एक नातेवाईक चालेल म्हणून मी गेले, हात प्लास्टरमध्ये. टेबलापलीकडे तीन साहेब. आवाज इतके गोड की मला लगेच संशय आला.

मधले साहेब म्हणाले, “बाई, तुमची इतक्या वर्षांची नोकरी. उद्यापासून कामावर या. फक्त एक करा. त्या शुक्रवारी रांगेत कोण कोण बोललं, ‘ओळखतात’ असं कोण म्हणालं, तेवढी नावं इथे लिहा.”

कोरा कागद पुढे आला. पेनही आलं.

मास्तरनं आधी त्यांचे खांदे पाहिले. मग म्हणाली, “नावं कशी कळणार, साहेब? पट्ट्या होत्या कुठे?”

“पण तुम्ही नावानं हाक मारलीत!”

“मारली. चुकीच्या माणसाला. सगळ्या चौकानं ऐकलंय.”

“त्यांनी स्वतः नावं सांगितली तुम्हाला.”

“वय झालं. विसरले.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही तर सुशिक्षित आहात.”

“भूगोल शिकवायचे,” मी म्हणाले. “नद्यांची नावं विचारा.”

नोकरी गेली. त्याबद्दल ती कधी रडली नाही आणि कुणी हळहळायला लागलं तर त्याला चहाही विचारत नाही. पण त्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा तिनं पिशवीतून एक अर्ज काढून त्याच टेबलावर ठेवला. अक्षर तिचं, कारण माझा हात मोडलेला. मंगळवारी आम्हाला मारणाऱ्यांची नावं द्यावीत, एवढीच मागणी.

त्याला अकरा वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघी त्या कचेरीत जाऊन उत्तर मागतो. मधल्या काळात दोन सरकारं बदलली, कारकून चार बदलले. आत्ताचा पोरसवदा आहे, स्वभावानं बरा आहे. परवा कंटाळून म्हणाला, “आजी, आणखी किती दिवस येणार तुम्ही?”

मास्तर बाकावर नीट टेकून बसली. “तुम्हाला किती दिवस लागतील, ते सांगा,” ती म्हणाली. “तेवढे.”