चिखलातला डोंगर

ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी समुद्री गवत उघडं पडतं. संशोधनासाठी आलेल्या एका मुलीने तिथे पाइप ठोकून काळ्या गाळाची लांब कांडी बाहेर काढली. "यातला कार्बन सगळा गवताचा नाही," ती म्हणाली. "बराचसा डोंगरावरून वाहून आलेल्या पाल्याचा असावा. ताडून बघायला त्या झाडांची पानं हवीत. वर कुठली झाडं होती?"

शेजारी चिखलातले तिसऱ्यांचे शिंपले वेचणारी पार्वतीकाकू मान वर न करताच माझ्या दिशेने हात करून म्हणाली, "ह्यांका इचार. डोंगर ह्यांचोच."

ऐन, किंजळ, जांभूळ. नावं मला पाठ आहेत. तोडायच्या कागदावर सही माझीच होती. आता वर काजूच्या रांगा आहेत, मधे उघडी तांबडी माती, आणि गाव मला बागायतदार म्हणतं. मी एका उन्हाळ्यात जे भुईसपाट केलं, ते या वीतभर गवताने, कुठलं, कुणाचं, काही न विचारता मुळांशी धरून ठेवलं.

"एखादं तरी पान मिळेल ना?" मुलीने पुन्हा विचारलं.

मी गाळाकडे बोट दाखवलं. "उरलीत ती तुझ्याच हातात आहेत."