पाच पट्ट्यांचा पत्रा

समस्त कोलशेतकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी गेले पाच आठवडे कोणीही ओढलेली नाही. ओढणारे दामूकाका गेले…

काका जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. घोडबंदर रोडचे टॉवर कुंपणाला येऊन टेकले तरी त्यांनी मागच्या अंगणातल्या नऊ बकऱ्या हलवल्या नाहीत. दर रविवारी दरबार भरायचा. बकरी गुडघ्यांत धरायची, अंगठ्याने खालची पापणी ओढायची आणि आतला रंग पत्र्यावर रंगवलेल्या पाच पट्ट्यांशी ताडायचा. पहिली पट्टी लालभडक, शेवटची पांढरीफटक. डोळा पांढुरका निघाला म्हणजे पोटातले जंत रक्त पितायत; औषध फक्त तिलाच. बकऱ्या संपल्या की पाहुणे. माझ्या साखरपुड्यात सासऱ्यांची पापणी ओढून ते म्हणाले होते, “पालेभाजी वाढवा.” सगळ्यांत शेवटी काकी.

“मी काय बकरी हाय?” काकी ओरडायची.

“बकरी शहाणी असते. तोंड नाय चालवत.”

काकी डोळे वटारायची आणि नेमकी तेव्हाच काका तिची पापणी ओढायचे.

एकदा ते गावाला गेलेले. मी उत्साहाने नऊच्या नऊ बकऱ्यांना औषध पाजून टाकलं! परतल्यावर माझी जी पूजा बांधली… “अरे शहाण्या, सगळ्यांना पाजलंस की औषधाने न मरणारे जंतच तेवढे उरतात. उद्या खरी आजारी पडेल तिला काय देशील, तुझं भाषण? आधी पोटाला नीट घाल, निम्मे जंत ती स्वतःच सोसते.” मग महिनाभर शिक्षा म्हणून फणसाचा पाला आणि शेवग्याच्या डहाळ्या मीच वाहिल्या. आता वाटतं, ती शिक्षा आणखी थोडी लांबायला हवी होती.

काका गेल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, “आई, बकऱ्या देऊन टाकू. आता त्यांना बघणार कोण?” काकी उठून आत गेली. पाच आठवडे ती तशी कोणाशीच बोलत नव्हती.

गेल्या रविवारी मी खिळ्यावरचा पत्रा काढला आणि गोठ्यात बसलो. काकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. आठ बकऱ्या लाल निघाल्या, एक फिकट. तिला औषध पाजलं, पाला टाकला.

“झालं?” चुलतभावाने विचारलं.

“झालं. सगळ्या झाल्या,” म्हणत मी पत्रा परत खिळ्याला लावायला गेलो.

दारातून काकी एकदम म्हणाली, “झालं कसं? माझा डोळा राहिला ना!”