संस्थात्मक पादत्राणे

सिस्टरमॅडम हे नाव त्यांना पडलं ते दोन नोकऱ्यांमुळे. आधी त्या रुग्णालयाच्या वॉर्डात सिस्टर होत्या, पुढे त्याच आवारातल्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्या आणि मॅडम झाल्या. जुन्यांनी सिस्टर सोडलं नाही, नव्यांनी मॅडम धरून ठेवलं, आणि बाईंनी दोन्ही पदव्या मुकाट्याने वागवल्या. चाल तरातरा, जीभ सरळ. त्यांच्यासमोर कॉलेजातल्या मुलींना खोटी डोकेदुखीसुद्धा जमत नसे.

या बाईंच्या डोळ्यांत एकच गोष्ट खुपत होती: त्यांच्या जुन्या वॉर्डातल्या हिरव्या चपला. त्या एका वॉर्डात शिरताना आपली पायताणं दारात काढायची आणि खोक्यातल्या हिरव्या रबरी चपला घालायच्या असा नियम होता. रुग्णालाही तोच, भेटायला येणाऱ्यालाही तोच. चपला एकाच मापाच्या, तळ गुळगुळीत. म्हातारी माणसं आपटत, आणि सगळे खापर फोडत न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर. बाईंनी पडलेल्या एकेकाला गाठून विचारलं. बहुतेक जण कोरड्या बोळात पडले होते, वळताना, आणि पायांत त्या चपला होत्या.

त्यांनी हे मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, स्टोअरच्या कारकुनाला सांगितलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अधीक्षकांनी तेवढं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, नुसत्या तोंडी बोलण्याला समिती विचारत नाही, इंग्रजीतला शोधनिबंध छापून आणा, मग बघू.

बाईंचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवर पोसलेलं. तरी त्यांनी एका रविवारी दुपारी बैठक मारली आणि निबंध लिहून काढला. किती माणसं पडली, कुठे पडली, पायांत काय होतं, आणि शेवटी: या चपलांनी माणसं पडतात, चपला बदला. दोन पानांत काम झालं. लिहिणं इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, म्हणून खात्री करायला त्या इंग्रजीच्या सरांकडे गेल्या, आणि तिथेच घोडं अडलं.

इंग्रजीचे सर कॉलेजात शास्त्रीय लेखनाची कार्यशाळा चालवत. त्यांचा स्वतःचा एकही निबंध कुठे छापून आलेला नव्हता, पण पोहायला शिकवणाऱ्याने पाण्यात उतरलंच पाहिजे असं थोडंच आहे! त्यांनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे सगळं समजतंय," ते दुःखाने म्हणाले. "पहिल्याच वाचनात समजतंय. विद्वान माणूस असं लिहीत नाही."

मग शिकवणी सुरू झाली. 'मी पाहिलं' असं लिहायचं नाही, कारण शास्त्रात 'मी' नसतो. 'निरीक्षणास आले' असं लिहायचं. 'पडतात' हा शब्द घरगुती, तिथे 'स्थितिबदल' म्हणायचं. चपला तर त्याहून घरगुती. शिवाय कशामुळे काय होतं हे ठासून सांगणं उद्धटपणाचं, तिथे 'असे मानण्यास वाव आहे' म्हणून बाजूला व्हायचं. बाई आधी चिडल्या. मग सरांनी त्यांचं एक लांबलचक वाक्य वर्गात वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि बाई हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसल्या.

त्यानंतर त्यांना लेखनाचा छंद लागला. छापील निबंधांतली भारदस्त वाक्यं त्या उतरवून आणत आणि आपली माहिती त्यांत कुठे बसते ते बघत. जी बसत नसे ती सोडून देत. घरातही त्याची लागण झाली. एकदा जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, मिठाच्या प्रमाणाबाबत काही प्रश्न उपस्थित होऊ शकतात. त्या दिवशी स्वयंपाक नवऱ्याने केला होता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेण्याची सवय असलेला तो माणूस मिठाचा डबा पुढे सरकवून मोकळा झाला.

निबंध छापून आला तेव्हा दोन पानांची चौदा झाली होती. त्याचं सार मराठीत सांगायचं तर असं: संस्थात्मक पादत्राणे वयोवृद्ध रुग्णांच्या स्थितिबदलांत महत्त्वपूर्ण भूमिका बजावतात, असे मानण्यास वाव आहे. सरांनी बाईंचं जाहीर कौतुक केलं. घरी सासूबाईंनी पहिलं वाक्य पाठ केलं आणि जो येईल त्याला ऐकवलं. अर्थ त्यांना माहीत नव्हता, पण ऐकणाऱ्यालाही नव्हता, त्यामुळे अडचण कुणालाच आली नाही. अधीक्षकांचं पत्र आलं: समितीने निबंधाची दखल घेतली असून त्यानुसार कार्यवाही सुरू आहे. गेल्या एकदाच्या त्या चपला, असं म्हणून बाई त्या दिवशी गाढ झोपल्या.

पुढच्याच महिन्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बाई तास संपवून डोळ्यांच्या वॉर्डात पोचल्या तर दारात नवंकोरं खोकं, आणि खोक्यात हिरव्यागार चपला. आत बघतात तर खाटेखाटेखाली तेच. एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या सासूबाई खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसल्या होत्या आणि शेजारणीला पाय दाखवत होत्या.

"ही बघा आली," त्या म्हणाल्या. "अगं, तुझ्या अभ्यासाच्या चपला! आता सगळ्या वॉर्डांना ह्याच घेतल्या म्हणे. इथली सिस्टरच म्हणाली, तुमच्या सुनेनं लिहिलं म्हणून."

समितीने निबंध वाचला होता. पादत्राणांची भूमिका महत्त्वपूर्ण आहे हे तिला पटलं होतं, आणि इतकी महत्त्वाची वस्तू एकाच वॉर्डात असणं तिला अन्यायाचं वाटलं होतं.

बाई खाटेकडे निघाल्या. तेवढ्यात सून जवळ आली म्हणून सासूबाई कौतुकाने उठल्या, चालून दाखवायला दोन पावलं टाकली, वळल्या, आणि पाय सटकला. बाईंनी धावत जाऊन त्यांना कमरेत धरलं. दोघी खाटेवर बसल्या. सासूबाईंचं कोपर लोखंडी दांड्याला लागून खरचटलं होतं. तेवढ्यावर निभावलं. या माणसाला मी पाडलं असतं, आणि तेही चौदा पानं खर्चून, असं त्यांच्या मनात आलं आणि शरमेने त्यांना रडू फुटलं. खाली बसून त्या सासूच्या पायांतल्या चपला ओढून काढू लागल्या.

"राहू दे गं, तुझ्या आहेत त्या," सासूबाई म्हणाल्या.

"आई, या चपलांनी माणसं पडतात. मी तेच लिहिलं होतं."

सासूबाईंनी उघडा डोळा सुनेवर रोखला.

"मी इतक्या जणांना म्हणून दाखवलं," त्या म्हणाल्या. "मला तरी सांगायचंस."

बाई उठल्या. सिस्टरच्या टेबलावरून जाड पुठ्ठा आणि काळा मार्कर घेतला, आणि आपल्या पहिल्या दोन पानांसारखं सरळ, पण मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: या चपलांनी माणसं पडतात. घालू नका. मी पाहिलं आहे. खाली सही केली आणि पुठ्ठा खोक्यावर दोरीने बांधला. तासाभरात खाटांखालच्या चपला खोक्यात परत आल्या. अधीक्षक कधी बोलावतात याची वाट बघत बाई सासूजवळ बसून राहिल्या.

अधीक्षकांच्या आधी इंग्रजीचे सर आले, सासूबाईंना भेटायला. हातात फळांची पिशवी. नियमाप्रमाणे त्यांनी बूट काढले, खोक्यातल्या चपला पायांत सरकवल्या आणि मग पुठ्ठ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी तो सवयीने दोनदा वाचला.

"शैली फारच बाळबोध झालीय, मॅडम," ते दारातूनच म्हणाले.

मग पिशवी खाली ठेवून, एका हाताने भिंत धरून, त्यांनी चपला हळूच काढल्या आणि अनवाणी आत आले.