हरणाऱ्या संघाचा कोच
जर्मनीत आखनला पीएच.डी. करताना मी रोज सायकलने युनिव्हर्सिटीच्या मैदानावरून जायचो. तिथे साठीचा एक अमेरिकन कोच विद्यार्थ्यांना अमेरिकन फुटबॉल शिकवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. संघ आधीपासूनच हरत होता आणि हा आल्यावरही पहिला सीझन हरण्यातच गेला. पण प्रत्येक मॅचनंतर तो फाटकाशी उभा राहायचा, एकेका खेळाडूचा हात हातात घ्यायचा आणि त्याने त्या दिवशी केलेली एक तरी चांगली गोष्ट सांगायचा. तसं केल्याशिवाय कुणाला घरी सोडायचा नाही.

दुसऱ्या वर्षी संघ जिंकू लागला. शेवटची मॅच जिंकून ते वरच्या लीगमध्ये गेले, तेव्हा मीही बघायला थांबलो होतो. माझा प्रयोग तिसऱ्यांदा फसला होता आणि सगळं सोडून पुण्याला परतायचं मनात घोळत होतं. मुलं नाचत होती, हा एकटाच सामान आवरत होता. मी मदतीला गेलो.

"आता मोठ्या कॉलेजातून बोलावणं येईल तुम्हाला," मी म्हणालो.

"तिथूनच आलोय," तो हसला. "तिथे वर्षानुवर्षं जिंकलो, एक सीझन बिघडला आणि त्यांनी काढलं. इथे पहिल्या वर्षी सगळ्या मॅच हरलो, तरी पुढच्या प्रॅक्टिसला एकूण एक मुलगा हजर. मग मी कशाला जाऊ?"

सोमवारी लॅबमध्ये प्रोफेसरांनी जर्मनमध्ये विचारलं, "मग, चौथ्यांदा?"

मी "हो" म्हणालो आणि हातमोजे चढवले.