अंडेवाल्याची मागची सीट

अंडेवाल्याच्या मोटारसायकलला मागची सीट होती, पण तिच्यावर बसायची ती अंडी. ट्रेवर ट्रे, वरून जुन्या ट्यूबचे पट्टे आवळलेले. डांबर, वाळू, चिखल, सगळ्यांवरून तो हा डोलारा न्यायचा आणि दुकानात उतरवताना एकच गोष्ट सांगायचा, "बघून घ्या, एकही फुटलं नाही."

बायको मात्र त्या सीटवर बसत नसे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत खडीवर गाडी घसरली होती. तिच्या गुडघ्यावरचा व्रण अजून होता. तो म्हणायचा, तू घाबरून पाय टेकवलास. ती म्हणायची, तुम्ही पुढचा ब्रेक आवळलात. भांडण लोणच्यासारखं मुरलं. ती आपली बसने जायची.

एका सकाळी फोन आला, मुलगी बाळंत झाली. दवाखाना पुलापलीकडे, आणि रस्ता उखडल्यामुळे बस बंद. अंडेवाल्याने त्या दिवशीचा माल रद्द केला, सीट पुसली, दोन्ही चाकांतली हवा पाहिली.

"चल गं. हळू नेतो."

"हळू म्हणजे, मागच्यासारखं?"

पण नातीचं तोंड बघायचं होतं. पिशवी पोटाशी धरून ती बसली.

पूल ओलांडला आणि नवी, सुटी खडी लागली. अशा जागी वेग आधीच उतरवायचा, हँडल सैल धरायचं, चाकाला आपली वाट शोधू द्यायची. त्याचे हात हे रोज करत. पण मागे ती अंग चोरून बसली होती, एवढ्यानेच त्याची बोटं पुढच्या ब्रेककडे वळली.

"अहो," ती कानाशी म्हणाली, "अंडी असती तर दाबला असतात?"

बोटं सैल पडली.

"तुझे पाय?"

"वरच आहेत. तुम्ही पुढे बघा."

मागचं चाक दोनदा डुललं, खडे टणटण उडाले आणि डांबर लागलं. खडीत त्याच्या खांद्यावर ठेवलेला तिचा हात मात्र दवाखान्यापर्यंत तिथेच होता.

मुलगी खाटेवरून बघतच राहिली. "आई, तू? बाबांच्या गाडीवर?"

"एकही फुटलं नाही," आई म्हणाली आणि बाळ उचललं.

अंडेवाला दारातच उभा होता, तळहात पँटला पुसत. घाम काही केल्या जाईना.

बाळावरची नजर न हलवता ती म्हणाली, "जातानाही असंच न्या."