मेथीच्या वाफ्यावर टांगलेले सिनेमे

सासऱ्यांनी माझे सिनेमे मेथीच्या वाफ्यावर टांगले, ही गोष्ट आमच्या घरात आता विनोद म्हणून सांगितली जाते. कुणी जेवायला आलं की नवरा सुरू होतो, पाहुणे हसून हसून डोळे पुसतात आणि मी ओट्यापाशी भांडी जरा जास्तच आपटते. मला त्यात अजून विनोद सापडलेला नाही. शिवाय नवरा ती अर्धवट सांगतो. तेव्हा पूर्ण गोष्ट मीच सांगते.

मला इथले, अमेरिकेतले जुने, स्वस्तातले थरारपट आवडतात. ड्राइव्ह-इनसाठी काढलेले. गावाबाहेरच्या मैदानात भलामोठा पडदा लावायचा, लोकांनी आपापल्या गाड्या त्याच्यासमोर उभ्या करायच्या आणि गाडीतच बसून खात-पीत सिनेमा बघायचा, अशी ती थेटरं. त्यांना दर आठवड्याला नवीन काहीतरी लागायचं, म्हणून कोणीही उठून सिनेमा काढायचा. एक पडका पेट्रोल पंप, एक उसनी गाडी, एक मुखवटा आणि किंचाळणारी मुलगी, एवढ्यावर काम भागायचं. थेटरं बहुतेक बंद पडली. सिनेमे मात्र आधी कॅसेटवर आणि मग डीव्हीडीवर जिवंत राहिले, ते माझ्यासारख्या खुळ्या लोकांमुळे. टेक्सासातल्या प्लेनोत घर घेतल्यापासून मी ते जमवते आहे. जुन्या दुकानांतून, बंद होणाऱ्या लायब्रऱ्यांमधून, लोकांच्या गराजमधून.

ह्या सिनेमांत माइक वरून डोकावतो, खुनी एका दारातून आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा त्याचा शर्ट बदललेला असतो. हे मला दिसत नाही असं लोकांना वाटतं. दिसतं ना! पण माझं आजोळ झाडीपट्टीतलं आहे, गडचिरोलीकडच्या धानाच्या मुलखातलं. धान निघालं की तिथे रिकाम्या शेतात मांडव पडतो आणि थंडीत घोंगडी पांघरून अख्खं गाव नाटक बघतं. एकदा विंगेतला बंदुकीचा फटाका फुटलाच नाही आणि खलनायक आधीच पडला. मग फटाका फुटला. तो उठला, रीतसर पुन्हा पडला आणि लोकांनी त्याला दोनदा टाळ्या दिल्या. ज्यांच्याकडे पैसा नाही पण हौस अशी आहे की आवरत नाही, त्यांचं काम मला लांबून ओळखू येतं. इथे टेक्सासात ते ओळखू आलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना ते ओळखू येत नाही. एकदा सिनेमाची दुपार ठरत होती, तेव्हा मी भाबडेपणाने यातला एक सुचवला. समितीतल्या एका काकूंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बी ग्रेड ना गं ते?" आणि सगळे मान खाली घालून हसले. दोन तास नुसत्या उसासे टाकणाऱ्या नायकाचा सिनेमा ह्यांना चालतो, त्याला अभिरुची म्हणतात. भर उन्हात अनवाणी पळत जीव तोडून किंचाळणारी मुलगी ही बी ग्रेड! माझ्या डोक्यात सणक गेली ती अजून उतरलेली नाही.

माझे सासरे त्याच अभिरुचीच्या बाजूचे. पुण्याचे, निवृत्त बँक अधिकारी, संगीत नाटकांचे वेडे. तरुणपणी आपण गाण्यांना कसे वन्स मोअर दिले, पडदा कसा पडू दिला नाही, हे सांगताना त्यांचे डोळे चमकतात. ते दर दोन-तीन वर्षांनी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येतात. इथे त्यांना करायला काही नसतं, म्हणून मागच्या अंगणात भाजी लावतात. त्या वर्षी मेथी होती आणि टोमॅटोची रोपं होती. आणि इथल्या प्रत्येक पार्किंगमध्ये फिरणारे ते लांब शेपटीचे काळे पक्षी होते. मेथीला कोंब फुटला रे फुटला की ते उतरायचे. बाबा काठी घेऊन धावायचे, पक्षी कुंपणावर बसून वाट बघायचे.

आता शेजारच्या आजींबद्दल. त्या अमेरिकन, ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या राहायच्या. एकदा माझं पार्सल चुकून त्यांच्याकडे गेलं. पाकीट फाटलेलं होतं आणि आतल्या कव्हरवरची किंचाळणारी बाई बाहेर डोकावत होती. मी ओशाळून ते घ्यायला हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "ही नीट किंचाळत नाहीये. पोटातून यायला पाहिजे. मी करायचे बघ."

मग सगळं कळलं. त्या एकोणीस वर्षांच्या असताना पश्चिम टेक्सासातल्या त्यांच्या गावात एक सिनेमावाली टोळी आली. नायिकेचा घसा बसला होता. खानावळीत जेवण वाढणाऱ्या या मुलीने पायाशी साप बघितला आणि जी आरोळी ठोकली, ती दिग्दर्शकाने जेवता जेवता ऐकली. दुसऱ्या दिवशी ही कॅमेऱ्यासमोर. पेट्रोल पंपामागच्या शेडचं दार उघडायचं, आत बघायचं आणि किंचाळायचं, एवढंच काम. मोबदल्यात सँडविच मिळालं. नामावलीत नाव नाही. गावाजवळच्या ड्राइव्ह-इनमध्ये तो सिनेमा लागला तेव्हा त्या किंकाळीला सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. तिथे टाळी पोचत नाही, म्हणून आवडलं की हॉर्न वाजवायची पद्धत. तो सिनेमा त्यांनी त्यानंतर कधीच बघितला नव्हता.

"माझ्या मुलांना ही थाप वाटते," त्या म्हणाल्या. "नातीला तर म्हातारपणाचा भ्रम वाटतो."

हे ऐकून माझाच अपमान झाल्यासारखं मला वाटलं. मी तो सिनेमा शोधायला घेतला. दोन वर्षं लागली. काढणारी कंपनी बंद, डीव्हीडी विकणारी छोटी कंपनीही बंद. शेवटी एका गाशा गुंडाळणाऱ्या दुकानात, तळाच्या खोक्यात तो मिळाला. घरी येऊन लावून बघितला. शेडचं दार उघडलं, आणि त्या दारात आमच्या शेजारच्या आजीच उभ्या होत्या. तीच हनुवटी. मी एकटीच सोफ्यावर रडले.

त्यांना सांगितलं तेव्हा त्या कितीतरी वेळ माझा हात धरून उभ्या होत्या. पण एकटीने बघायचा नाही म्हणाल्या. त्यांचं घर विकायला निघालं होतं. एप्रिलमधल्या एका शनिवारी नात त्यांना ओहायोला, मुलाकडे न्यायला येणार होती. तेव्हाच बघू, तिच्यादेखत. ठरलं. आणि मी कामासाठी आठवडाभर सांता क्लाराला गेले.

शुक्रवारी दुपारी परत आले. उद्याची तयारी म्हणून कपाट उघडलं. डबी होती, आत काहीच नव्हतं. शेजारची डबी उघडली, तीही रिकामी. आख्खी रांग रिकामी. मागच्या अंगणात काहीतरी लखलखत होतं म्हणून मी खिडकीतून बघितलं.

माझे सगळे सिनेमे सुतळीने बांधून मेथीवर टांगलेले होते. वाऱ्यावर छान गिरक्या घेत होते. कुंपणावर पक्षी बसले होते आणि शांतपणे बघत होते.

मी बाहेर धावले. एरवी मी सासऱ्यांशी अगदी पुण्याच्या वळणाचं बोलते. त्या दिवशी माझ्या तोंडून सरळ माहेरचं नागपूर बाहेर पडलं. "काहून केलं हो बाबा तुम्ही हे? काहून केलं?"

बाबा दचकले, पण खजील वगैरे मुळीच नाही. "अगं, चकाकलं की पाखरं येत नाहीत. आपल्याकडे बाल्कनीत लावतात की सगळे. आणि मी नीट निवडून घेतलं हो. चांगल्या सिनेमांना हात लावला नाही. ज्यांच्या डब्यांवर बायका किंचाळताहेत तेवढेच घेतले."

निवडून! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या वाक्याने कळलं. नवऱ्याचे उसासेवाले सिनेमे कपाटात सुखरूप होते. अजाणतेपणी केलं असतं तर मी गिळलं असतं. हा तर निवाडा होता. मंडळातल्या काकूंनी चष्म्यावरून केला तोच, फक्त सुतळी घेऊन.

अजून पुढे होतं. डिस्क एकाच बाजूने चमकते. म्हणून बाबांनी दोन-दोन डिस्का पाठीला पाठ लावून चिकटवल्या होत्या. पुण्याहून आणलेल्या, झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाने.

नवरा फोनमधून मान वर करून म्हणाला, "रिलॅक्स यार. स्ट्रीमिंगवर मिळेल ना. आजकाल सगळं असतं."

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. सगळं नसतं. सिनेमा सापडला खरा एका ॲपवर. धुऊन-पुसून गुळगुळीत केलेला, एकही ओरखडा नाही. आम्ही उभ्या उभ्या तो पुढे पळवला. पेट्रोल पंप आला, आणि लगेच पोलिसांची गाडी आली. शेड गायब. दार गायब. मुलगी गायब. कुठल्यातरी टीव्हीसाठी कापलेली प्रत उचलून ॲपवाल्यांनी ती चकचकीत केली होती. कापताना कोणाला विचारलं असेल? कोण होती ती, नामावलीतही नसलेली? "टेक्निकली मूव्ही तर तोच आहे," नवरा पुटपुटला. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने फोन खिशात घातला.

मग जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया झाली. बाबांनी रांगेच्या क्रमानेच टांगल्या होत्या, म्हणून नेमकी जोडी तरी सापडली. गरम पाणी, दात साफ करायचा दोरा, नवरा एकीकडून ओढतोय, मी दुसरीकडून, आणि बाबा डिस्क धरून बसलेले. शेजारच्या आजींची गोष्ट मी त्यांना दात-ओठ खात सांगितली होती. "नातीला दाखवायचंय होय," एवढंच ते म्हणाले. डिस्का सुटल्या, पण सुटताना टक्‌ असा आवाज झाला. बाहेरच्या कडेपासून आत एक तडा गेला होता.

डिस्क आतून बाहेर वाजते, म्हणजे सुरुवात शाबूत होती. तडा शेडपर्यंत पोचला होता की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. लावून बघायचं माझं धाडस होईना. फिरताना पूर्ण तुटली तर उद्याचं काय? एकदाच लावायची, आणि त्यांच्यासमोरच लावायची, असं ठरवलं.

शनिवारी दुपारी आजी आल्या. लिपस्टिक लावून आल्या होत्या. सोबत विशीतली नात, हातात गाडीची किल्ली खेळवत उभी. "आम्हाला हायवेला लागायचंय," ती म्हणाली, "पण आजीने फारच मनावर घेतलंय." मी आजींना तड्याबद्दल सांगून टाकलं. बाकीच्या सोडवायला वेळच मिळाला नव्हता; अंगणात अजून लटकणाऱ्या त्या डिस्कांकडे त्यांनी बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "निदान कोणीतरी हे सिनेमे लावले म्हणायचे." बाबांनी चहाच्या कपात मान घातली.

सिनेमा सुरू झाला. मी आयुष्यात इतके थरारपट बघितले, पण रिमोट असा दोन्ही हातांनी कधी धरला नव्हता. उसनी गाडी आली. मुखवटा आला. चित्र एकदा अडखळलं, पुढे गेलं. पेट्रोल पंप आला. चित्राचे चौकोन चौकोन झाले, परत जुळले. शेड दिसली. मागून चालत येणारी मुलगी दिसली. तिने दार उघडलं, आत बघितलं, कॅमेऱ्याकडे वळली, तोंड उघडलं.

आणि चित्र थांबलं. आवाज नाही. उघडं तोंड, मोठे झालेले डोळे, तीच हनुवटी, आणि पडद्यावर सगळं गोठलेलं. मी रिमोट दाबत राहिले. काही हललं नाही.

मला त्या क्षणी बाबांचा, काकूंचा, त्या ॲपवाल्यांचा, सगळ्यांचा एकदम राग आला. दोन वर्षं शोधलेली गोष्ट एका किंकाळीच्या अलीकडे थांबली होती. नात पडद्याकडे बघत होती. मग ती हळूच आजीकडे वळली आणि तिच्या हातातली किल्ली थांबली.

आजी उठल्या. खुर्चीच्या पाठीला एक हात धरला, पडद्यावरच्या मुलीकडे एकदा बघितलं, आणि किंचाळल्या.

पोटातून. घर हललं. नवऱ्याच्या हातातला फोन पडला, बाबांचा चहा त्यांच्या पायजम्यावर सांडला. नात दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली होती. "ओ माय गॉड," ती म्हणाली, "इट वॉज यू." आणि रडायला लागली.

तेवढ्यात बाबा, माझे अभिरुचीवाले सासरे, ओल्या पायजम्यानिशी उभे राहिले, आणि तरुणपणी थेटरात देत असतील तशा खणखणीत आवाजात ओरडले, "वन्स मोअर!"

आजींना ते लगेच कळलं. त्या हसल्या, लिपस्टिक नीट केली, दम घेतला आणि पुन्हा किंचाळल्या. आधीपेक्षा वरच्या पट्टीत.

मागच्या अंगणातून फडफड ऐकू आली. आम्ही खिडकीकडे बघितलं. आठवडाभर माझ्या चकाकत्या डिस्कांखाली बसून निवांत मेथी खाणारे ते काळे पक्षी एकजात उडाले होते, आणि संध्याकाळपर्यंत त्यातला एकही परत आला नाही.

आणि ह्याला लोक बी ग्रेड म्हणतात.